शिवून आणलेलं पत्रक

विहीणबाईंनी पिशवीतून पत्रक काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा लॅबबाईंना आधी ते ओळखूच आलं नाही. आठ दिवसांपूर्वी मुलाने आणलं आणि विहीणबाईंनी बघायला नेलं, तेव्हा तो घड्या घातलेला एक मोठा कागद होता. आता त्याची चिमुकली पुस्तिका झाली होती. पाठीला निळं कापड, मधोमध दुहेरी दोऱ्याची शिलाई, पानं जाड आणि तिन्ही कडा अशा छाटलेल्या की बोट फिरवायची भीती वाटावी.

"नुसता कागद घेऊन नदीकाठी फिरलं की वारा त्याच्या चिंध्या करतो," विहीणबाई म्हणाल्या. "म्हटलं, हाताशी सुई आहे तर शिवून टाकू. पानं पातळ वाटली म्हणून पाठीला पाठ चिकटवली. कशी झालीये?"

"छान," लॅबबाई म्हणाल्या. हा शब्द त्या वर्षातून दोन-तीनदाच वापरत.

लॅबबाईंनी एकतीस वर्षं एका कॉलेजची रसायनाची प्रयोगशाळा सांभाळली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं. घरातल्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे आणि कधी भरलं, हे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असे. विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, तीस वर्षं एका छापखान्याच्या बांधणीखात्यात होत्या. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, शिवायचे, छाटायचे. कुठलाही छापील कागद समोर आला की त्यांचे हात त्याला आधी निम्मा, मग पाव, मग आठवा करून टाकत. वाचायचं त्यांच्या मनातही येत नसे.

आजचा प्रश्न साधा होता आणि लॅबबाईंना तो नकोसा होता. मुलाला आणि सुनेला वेगळं राहायचं होतं. नदीकाठच्या जुन्या कामगारवस्तीत दोन खोल्या मिळत होत्या. नावाडी, रंगारी, दोरखंड वळणारे, हमाल असे सगळे पिढ्यान् पिढ्या जिथे राहिले ती वस्ती. तिथल्या वाचनालयाने हे पत्रक काढलं होतं. ते हातात घ्यायचं आणि कुणी वाटाड्या न घेता आपलं आपण वस्ती बघत फिरायचं.

"तू एकदा बघून ये," मुलगा म्हणाला होता. "पत्रकाप्रमाणे चाल, म्हणजे वस्ती कळेल. खोल्या आहेत त्या घरावर मी पेन्सिलने फुली मारलीये. घरमालकिणीला एकच्या आत उत्तर हवंय, दुसरे लोक तयार आहेत म्हणे. तुझं 'नाही' असेल तर आम्ही जाणार नाही."

हे शेवटचं वाक्य लॅबबाईंनी मनात घडी घालून ठेवलं होतं. तीन खोल्यांच्या घरात एकटीने राहायचं, संध्याकाळी एकाच माणसाचा चहा ठेवायचा, हे त्यांनी आठ दिवस करून पाहिलं होतं, अर्थात मनातच. त्यांनी वही घेतली, 'निरीक्षणे' असं शीर्षक दिलं आणि खाली लिहून टाकलं: १. ओल. २. कोंदट हवा. प्रयोगाआधी निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या त्यांनी एकतीस वर्षं परत केल्या होत्या. आपली मात्र त्यांनी पर्समध्ये ठेवली.

दहा वाजता दोघी पुलाशी उभ्या होत्या. पहिलं पान अगदी बरोबर निघालं. पुलाच्या पहिल्या खांबावर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या होत्या, त्या तिथे होत्याच. लॅबबाईंनी समाधानाने वहीत लिहिलं: ३. पूर.

"आता पुढे?" विहीणबाईंनी विचारलं.

"'बाणाच्या दिशेने साठ पावलं.'" लॅबबाईंनी पान वरखाली केलं. "बाण दिसत नाही."

"मग?"

"सूचना नसेल तर आहे ती स्थिती कायम धरायची. आपण सरळ आलो, सरळच जायचं."

साठ पावलं मोजून दोघी थांबल्या आणि लॅबबाईंनी दुसरं पान वाचलं. "'समोर बिनखिडक्यांची लांबलचक बैठी इमारत दिसेल. इथे दोरखंड वळले जात. दार लोटून आत या, मधोमध उभे राहा आणि जोरात टाळी वाजवून पाहा. प्रतिध्वनी तीनदा येतो.'"

समोर लांबलचक बैठी इमारत होती खरी.

"खिडक्या आहेत की हो हिला," विहीणबाई म्हणाल्या.

"बंद आहेत. पडदेही ओढलेत. भिंतीत नंतर पाडल्या असतील."

आत उन्हातून आल्यामुळे काळोख वाटत होता. हवा गार होती आणि कसलासा पावडरीचा वास येत होता. लॅबबाई अंदाजाने मधोमध गेल्या, हात छातीसमोर घेतले आणि पत्रकात लिहिलं होतं तशी जोरात टाळी वाजवली. नीट ऐकू आलं नाही असं वाटून विहीणबाईंनी आणखी एक वाजवली.

प्रतिध्वनी तीनदा आला नाही. अठ्ठावीस तोंडांतून आला.

कोपऱ्यातून एक उंच बाई धावत आली. ओरडायचं होतं, पण कुजबुजायची सवय इतकी मुरली होती की ती कुजबुजतच ओरडली. "पाऊण तास! पाऊण तास लागला मला यांना झोपवायला! कोण तुम्ही?"

"आम्ही प्रतिध्वनी बघायला आलो," लॅबबाई म्हणाल्या. पाळणे आता दिसायला लागले होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाळणेच पाळणे.

"हे पाळणाघर आहे!"

"पत्रकात दोरखंडाची शेड म्हटलंय."

"मग पत्रकाला सांगा झोपवायला," पाळणाघरवाल्या ताई म्हणाल्या आणि त्यांनी एक लालबुंद मूल लॅबबाईंच्या हातात दिलं, दुसरं विहीणबाईंच्या. "धरा. ही झोपल्याशिवाय इथून कुणी हलायचं नाही."

विहीणबाईंनी मूल खांद्यावर टाकलं आणि थोपटायला सुरुवात केली. लॅबबाईंनी मूल शेवटचं हातात घेतलं त्याला तीस वर्षं झाली होती, आणि ते मूल आता वेगळं राहायचं म्हणत होतं. त्यांनी जरा वेळ हेलकावे देऊन पाहिलं, मग मनगटावरचं घड्याळ वळवून समोर घेतलं. जलद हलवलं की रडं वाढे, फार सावकाश केलं की मूल डोळे उघडून चौकशी करे. सेकंदाला एक हेलकावा, आणि दर दहाव्याला किंचित विराम. असं केलं की मूल बरोबर आठव्या मिनिटाला मान टाकी. हे त्यांनी दुसऱ्या मुलावर पडताळलं. मग तिसऱ्यावर. सहाव्यानंतर ताई नुसत्या बघत उभ्या होत्या.

बाहेर पडायला बावन्न मिनिटं लागली.

"तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"दूध असेल," लॅबबाई म्हणाल्या आणि चेहरा पुसला. दूध नव्हतं, हसू होतं.

तिसरं पान ऐंशी पावलांवर उघडायचं होतं. एका अरुंद गल्लीत, लाकडी दारासमोर ऐंशी पावलं संपली.

"'या खोलीत अकरा नावाडी पाळीपाळीने झोपत. एक उठला की दुसरा आडवा होई, त्यामुळे अंथरूण कधी गार पडत नसे. दार नुसतं लोटलेलं असतं. आत या, बिछान्याला हात लावून पाहा.'"

दार खरोखरच नुसतं लोटलेलं होतं. लॅबबाईंनी विहीणबाईंकडे विजयाने पाहिलं. आत एक खाट, भिंतीला टांगलेला पांढरा डगला, आणि खाटेवर चादर ओढून झोपलेला एक आडदांड पुरुष.

"बाई गं," विहीणबाई हळूच म्हणाल्या, "पुतळा किती हुबेहूब केलाय!"

लॅबबाई वाकल्या. "मेणाचा असावा. भुवयांना पीठ लावलंय, म्हणजे वय दाखवायचं असेल." त्यांनी नाकाखाली बोट धरलं. "उष्ण हवा येतेय. आत लहानसा पंप आहे."

"छातीसुद्धा हलतेय."

"तोच पंप." त्यांनी सूचनेप्रमाणे बिछान्याला हात लावला. "गादीही गरम ठेवलीये. खर्च केलाय हो वाचनालयाने."

"शेठ, दुसरा घाणा काढला का?" पुतळ्याने विचारलं आणि तो उठून बसला.

विहीणबाईंनी किंकाळी फोडली. पुतळ्यानेही फोडली. लॅबबाईंनी बोट मागे घेतलं आणि पदराला पुसलं.

पुढची पाच मिनिटं सारवासारवीत गेली. तो पावभट्टीत रात्रपाळी करणारा माणूस होता. सकाळी घरी येऊन झोपे. बायको खाली पाण्याला गेली होती. त्याने पत्रकातला मजकूर ऐकून घेतला आणि खाटेकडे विचारपूर्वक पाहिलं.

"अकरा?" तो म्हणाला. "आम्ही तिघं झोपतो तर माझे पाय बाहेर असतात."

"पाळीपाळीने," लॅबबाईंनी सांगितलं.

"ताई, ते पत्रक घेऊन पुष्कळ लोक फिरतात इथे. पण ते माझ्या घरात येत नाहीत. पलीकडच्या गल्लीत जातात."

"त्यांनी नीट वाचलं नसेल."

भट्टीवाल्याला झोप आवरत नव्हती, त्यामुळे त्याने वाद घातला नाही. उलट फडक्यात गुंडाळलेले दोन ताजे पाव दोघींच्या हातावर ठेवले. "आलात तर असंच जाऊ नका," असं म्हणून तो आडवा झाला आणि दोघी उंबऱ्याबाहेर पडायच्या आत पुन्हा पुतळा झाला.

लॅबबाई पाव खात चालत होत्या. रस्त्यावर खाणं त्यांना मान्य नव्हतं. पण पाव गरम होता. त्यांनी वही काढली, चौथा आक्षेप लिहायला पेन टेकवलं आणि काही सुचेना म्हणून परत ठेवलं.

चौथ्या पानावर रंगारी होते. "'दाराशी टोपलीत रंगवलेल्या सुताचे गुंडे ठेवले आहेत. आठवण म्हणून एक घेऊन जा.'" शंभर पावलांवर एक दुमजली घर होतं आणि त्याच्या पायरीवर टोपली होती. टोपलीत जांभळ्या लोकरीचा एकच गुंडा होता.

"याचा धागा आत गेलाय हो," विहीणबाई म्हणाल्या.

"सूत कुठून येतं ते दाखवायला सोडला असेल." लॅबबाईंनी गुंडा पिशवीत टाकला आणि त्या निघाल्या.

दोन गल्ल्या ओलांडल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा पंचवीस. "आता पुरे. फुलीवर जाऊ. दाखवा."

"कसली फुली?"

"खोल्या आहेत त्या घरावर मारलेली. मागच्या बाजूला नकाशा होता ना सगळ्या वस्तीचा, त्यावर."

विहीणबाई चालायच्या थांबल्या. "ती निळी नक्षी?"

"नक्षी?"

"निळे पट्टे होते, बारीक रेघा होत्या. मला वाटलं, अस्तराचा कागद. पुस्तकाला आतून लावतात तसा. आतच तर लावायचा असतो तो. म्हणून पाठीला पाठ…"

"ती नदी होती, विहीणबाई!"

दोघींनी पुस्तिकेकडे पाहिलं. सगळी वस्ती, नदीसकट, खळीने पक्की चिकटवून पानांच्या पोटात बंद झाली होती. लॅबबाईंच्या मनात आणखी एक शंका आली. "कडेला काही छापलं होतं का? छाटण्याआधी?"

"काळे टोकदार ठिपके होते. छपाईचे डाग वाटले."

"ते बाण होते. आणि पानांचा क्रम?"

"घडी घातली की येतो तो क्रम," विहीणबाई म्हणाल्या, मग जरा थांबून, "म्हणजे, पुस्तकाच्या हिशेबाने छापलं असेल तर येतो."

लॅबबाई नदीच्या कठड्यावर बसल्या. मुलाला फोन करण्यात अर्थ नव्हता; तो यंत्रावर असला की फोन कपाटात. सून नर्स होती आणि दोनपर्यंत शस्त्रक्रियेच्या खोलीत. "तीस वर्षं कागदात काढलीत तुम्ही. एकदा तरी वाचून बघावं!"

"वाचत बसलो तर घड्या कुणी घालायच्या? आम्ही वाचत नाही, कबूल. पण तुम्ही वाचता आणि समोर बघत नाही! पाळणाघरात टाळ्या वाजवल्यात. झोपलेल्या माणसाला पुतळा म्हणालात."

"पुतळा तुम्ही म्हणालात."

"त्यात पंप तुम्ही बसवलात!"

नदीतून एक नाव संथपणे गेली. विहीणबाई शेजारी बसल्या आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "रागावू नका, पण पोरांच्या बाबतीतही तसंच झालंय तुमचं. ती तुम्हाला सोडून चाललीत असं तुम्ही वाचलंय. माझी लेक काय म्हणते सांगू? म्हणते, आई, मला एकदा मीठ चुकीच्या डब्यात ठेवायचंय आणि मग घरभर शोधायचंय."

"चुकीच्या डब्यात कशाला?"

"ते सांगता येत नाही. स्वतःचं घर असलं की माणूस चुकतो, हसतो, शिकतो. तुमच्या घरात तिला चुकायला जागाच नाही हो. सगळ्यावर चिठ्ठी."

लॅबबाईंनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली. प्रयोगशाळेत नवी मुलं आली की पहिला महिनाभर त्या स्वतः लांब उभ्या राहत. फोडू देत चार काचनळ्या, असं त्या इतर सहायकांना बजावत. हाताने फोडल्याशिवाय काच हाताला कळत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुलांना त्यांनी हा महिना दिला होता. सुनेला लग्न झाल्यापासून एक दिवस दिला नव्हता.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"बारा बेचाळीस."

"उठा. फुली शोधायला हवी."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्या उठल्या.

पानं सोडवायचा प्रश्नच नव्हता. विहीणबाईंची खळी होती, कागद फाटला असता पण सुटला नसता. लॅबबाईंनी एकेक पान सूर्यासमोर धरलं. दोन्हीकडचा मजकूर एकमेकांत घुसला, पुढची अक्षरं सुलट, मागची उलट, आणि त्यांच्या मधून अंधुक निळी नदी वाहताना दिसली. तिसऱ्या पानात, अकरा नावाड्यांच्या ऐन बिछान्यावर, फुली होती.

"नदीचं वळण, मग चौक, मग डावीकडे तिसरं घर," लॅबबाईंनी वाचलं. "चला. आणि विहीणबाई, पिशवी ओढू नका."

"मी कुठे ओढतेय?"

पिशवी मात्र ओढली जात होती. लॅबबाईंनी खाली पाहिलं. पिशवीच्या तोंडातून एक जांभळा धागा निघाला होता. तो मागे रस्त्यावर गेला होता, एका सायकलच्या चाकातून आरपार, मग दिव्याच्या खांबाला वळसा घालून कोपऱ्यापलीकडे. कोपऱ्यावर दोन हमाल कपाट खांद्यावर घेऊन खरोखरच पुतळ्यासारखे उभे होते. धागा त्यांच्या चारही घोट्यांमधून गेला होता.

"हलू का?" पुढचा हमाल कुणाला तरी विचारत होता.

"खबरदार! तुटेल!" कोपऱ्यापलीकडून असा आवाज आला की नदीपलीकडच्या माणसांनी मान वळवून पाहिलं असावं. "कोण आहे ते? दोन सुया हातातून ओढून नेल्या माझ्या! अर्धा स्वेटर पायरीवरून घरंगळत गेला!"

मागोमाग आवाजाची मालकीण आली. बुटकी, रुंद, साठीच्या पुढची. एका हाताने धागा गुंडाळत, दुसऱ्या हातात सुया आणि धूळभरला अर्धा स्वेटर. सायकल सोडवत, हमालांच्या पायांतून वाट काढत ती थेट लॅबबाईंच्या पिशवीपाशी येऊन थांबली.

"दिवसाढवळ्या!" ती म्हणाली. "आणि चांगल्या घरच्या दिसता!"

"आठवण म्हणून घेतला," लॅबबाई म्हणाल्या.

"कुणाची आठवण?"

विहीणबाईंनी पुढे होऊन सगळं सांगितलं: घडी, खळी, बाण, नदी, पेन्सिलची फुली. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा बदलत गेला. "पेन्सिलची फुली? दोन खोल्यांसाठी? म्हणजे तुम्ही एकला यायच्या होतात त्या? अहो, मी दहापासून पायरीच्या आत विणत बसलेय तुमची वाट बघत!"

फुलीचं घर आणि टोपलीचं घर एकच होतं. घरमालकीण नदीवरच्या नावेत तीस वर्षं तिकिटं देत होती; आवाज तिथे कमावला होता. तिने दोघींना जिन्याने वर नेलं, भिंतीवर उलगडून लावलेलं ते पत्रक दाखवलं (बाण चांगले मोठे होते), आणि कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "खोल्या मिळणार नाहीत. एक वाजून पाच मिनिटं झालीत. वर चोरी. आणि तुमच्यासारख्यांना जमायचंही नाही इथे. ओल आहे."

लॅबबाई आल्या होत्या त्या हेच ऐकायला. पर्समधल्या वहीत पहिल्या क्रमांकावर हेच लिहिलेलं होतं. त्यांनी वही काढली, भिंतीला हात लावला, वास घेतला, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "ही ओल नाही. वरच्या नळाची गळती आहे. नळाचं रबर बदला, पंधरा दिवसांत भिंत सुकेल."

"हवा कोंदट आहे."

"समोरासमोर खिडक्या आहेत. तुम्ही एकच उघडता. दुसरीही उघडा." त्यांनी स्वतःच उघडली. नदीवरचा वारा आत आला आणि भिंतीवरचं पत्रक फडफडलं.

"पूर येतो."

"खांबावरची सगळ्यात वरची खूण पुलाच्या कठड्याच्या किती खाली आहे ते मी पाहिलंय. तुमचा उंबरा त्या कठड्याच्याही वर आहे. पाणी इथे आलं तर आधी पूल बुडेल."

विहीणबाई तोंड उघडं टाकून बघत होत्या. घरमालकीणही हट्टाला पेटली. "शेजारी पाळणाघर आहे. अठ्ठावीस पोरं. आज तर कुणा शहाणीने भर झोपेत टाळ्या वाजवल्या, सगळी वस्ती जागी केली!"

"बावन्न मिनिटांत झोपतात," लॅबबाई ठामपणे म्हणाल्या. "सहा तर मीच झोपवली."

घरमालकिणीचे हात कंबरेवरून खाली आले.

"टाळी तुम्ही वाजवलीत?" घरमालकिणीने विचारलं.

"पहिली. दुसरी यांनी."

घरमालकीण आधी घशात हसली, मग पोटात, मग तिला भिंतीला टेकावं लागलं. हसू ओसरल्यावर तिने लॅबबाईंच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं. "तीस वर्षं तिकिटं उलटी वाचलीत मी. 'ओल. कोंदट हवा. पूर.' तुम्ही नाही म्हणायला आला होतात."

लॅबबाईंचा चेहरा लाल झाला. "पहिली दोन घरी बसून लिहिली होती. न बघता. अशी नोंद ग्राह्य नसते." त्यांनी पेन काढलं आणि तिन्ही ओळी पट्टी लावल्यासारख्या सरळ खोडल्या. "माझ्या मुलाला आणि सुनेला या खोल्या हव्या आहेत. मलाही त्यांना मिळायला हव्या आहेत. दुसऱ्या लोकांना देऊ नका. उशीर झाला तो आमच्या घडीमुळे, त्यांचा त्यात दोष नाही."

"दुसरे कुणी नाहीतच," घरमालकीण म्हणाली. "असं सांगितलं की माणसं वेळेवर येतात. तुम्ही तरीही आला नाहीत." आणि तिने कमरेची किल्ली काढून लॅबबाईंच्या हातात ठेवली. "पण आधी माझी लोकर गुंडाळून द्या. दोघींनी."

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा किल्ली टेबलावर होती. त्याने ती पाहिली, आईकडे पाहिलं, मग पुन्हा किल्लीकडे.

"हो म्हणालीस?" त्याने विचारलं. "लगेच?"

"एक वाजून बावीस मिनिटांनी."

तो खुर्चीत बसला. आनंद व्हायला हवा होता, पण त्याचा चेहरा सुटीच्या दिवशी शाळा भरल्यासारखा झाला. "म्हणजे, आम्ही गेलो तर तुला काहीच वाटणार नाही?"

"वाटेल."

"मग? नीट पाहिलंस ना तू? मला उगाच शंका येतेय. तो जिना फार अरुंद आहे. माझं काम लांब पडेल. आणि उन्हाळ्यात नदीला वास येत असेल. खरं सांगू, मी तुझं 'नाही' गृहीतच धरलं होतं. त्याच्या भरवशावरच तर मी हिला हो म्हटलं…" आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन तो थांबला.

"तुझे आक्षेप वहीत लिही," लॅबबाई म्हणाल्या. "पण आधी तिथे जा, मग लिही."

सून दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि कपाटाच्या वरून एक मोठं खोकं घेऊन ती बाहेर आली. खोक्याच्या तळाशी कागद अंथरलेला होता. त्यात एक कपबशी आधीच गुंडाळून ठेवलेली होती. कधीपासून, ते लॅबबाईंनी विचारलं नाही. त्या उठल्या आणि दोरी शोधायला गेल्या.